कन्स्ट्रक्टर चालतच नाही, मग ऑब्जेक्ट उभा कसा राहतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे, टीमसाठी पीएचपीची अंतर्गत हँडबुक लिहिताय, त्यात सिरियलाइझ केलेल्या, म्हणजे साठवण्यासाठी स्ट्रिंग करून ठेवलेल्या, डेटातून ऑब्जेक्ट परत कसा येतो हे पान तुमच्या वाट्याला आलंय, आणि ड्राफ्टमध्ये सध्या एकच ओळ आहे की "अनसिरियलाइझ फंक्शन स्ट्रिंगपासून नवीन ऑब्जेक्ट बनवतं आणि __वेकअप() कॉल करतं". एवढं पुरेल का, आणि ऑब्जेक्ट परत येताना पीएचपी आपोआप बोलावते त्या मेथडपैकी __वेकअप() लिहायचं की __अनसिरियलाइझ(), हे विचारलंय.

(लिहिताना सगळी नावं देवनागरीत लिहितोय, खऱ्या कोडमध्ये फंक्शनची नावं आणि डेटातली टाइपची अक्षरं रोमनमध्ये असतात हे धरून चला.)

पुरणार नाही. आणि पहिली अडचण त्या "नवीन ऑब्जेक्ट बनवतं" मध्येच आहे. हे वाचणारा प्रत्येक जण मनात न्यू कीवर्ड आणतो, आणि न्यू म्हटलं की कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना पहिल्यांदा चालणारी मेथड, आलाच. पण इथे कन्स्ट्रक्टर चालत नाही, अजिबात नाही. गावाहून परत आलेल्या माणसाचं आपण पुन्हा बारसं करत नाही ना, तसंच आहे हे, ऑब्जेक्टचा जन्म आधीच कधीतरी झालाय, आता फक्त त्याला जसा होता तसा परत उभा करायचाय. म्हणून "बनवतं" काढा आणि "परत उभा करतं" लिहा, आणि लगेच पुढच्या वाक्यात, ठळक अक्षरात, "कन्स्ट्रक्टर चालत नाही". बाकी सगळं पान याच्याच भोवती फिरतं.

हे इतकं ठासून का सांगतोय, तर मी स्वतः भाजलोय. एका ऑनलाइन दुकानाचं काम होतं, पीएचपी ८, कार्टचा ऑब्जेक्ट सेशनमध्ये आणि सेशन रेडिस या मेमरीतल्या डेटा-स्टोअरमध्ये. क्लायंटला परदेशी चलन हवं झालं, म्हणून मी कार्ट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक प्रमोटेड प्रॉपर्टी, म्हणजे कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमध्येच जाहीर केलेली, वाढवली, टाइप स्ट्रिंग, नाव चलन, डिफॉल्ट "रुपया". टेस्टिंग झालं, टेस्टरने नवीन लॉगिन केलं, नवीन कार्ट, सगळं हिरवंगार. संध्याकाळी डिप्लॉय केलं आणि दहा मिनिटांत फोन सुरू, पण गंमत अशी की सगळ्यांना एरर येत नव्हता, ज्यांचं कार्ट आधीपासून भरलेलं होतं फक्त त्यांनाच. एरर काय, तर टाइप्ड प्रॉपर्टीला व्हॅल्यू मिळायच्या आधीच हात लावला.

कारण साधं आहे, फक्त आम्हाला ते कुठल्याच कागदावर सापडलं नव्हतं. क्लासमध्ये नेहमीसारखी प्रॉपर्टी लिहून तिथेच "= रुपया" दिलं असतं तर अनसिरियलाइझ ते डिफॉल्ट लावतं, कारण रिकामा ऑब्जेक्ट उभा करताना क्लासमधली डिफॉल्ट आधी भरली जातात आणि त्यावर जुना डेटा येतो. पण प्रमोटेड प्रॉपर्टीचं डिफॉल्ट हे प्रॉपर्टीचं नसतंच, ते कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरचं असतं. कन्स्ट्रक्टर चालला नाही की डिफॉल्टही नाही. दिसायला एकच ओळ, पण मालक वेगळा.

आता खरी मजा पुढे. मी घाईघाईत दुरुस्ती म्हणून क्लासला __अनसिरियलाइझ() मेथड टाकली, की डेटामध्ये "चलन" की नसेल तर "रुपया" घे, आणि हातासरशी "वस्तू" नसेल तर रिकामा ॲरे घे. एरर बंद झाला, मी चहा घेतला, आणि परत फोन, आता लोकांची कार्ट रिकामी दिसतायत! एरर असता तर परवडला असता, हे तर गपचूप गेलं.

झालं असं की जुना डेटा प्रायव्हेट प्रॉपर्टीचा होता. पीएचपी प्रायव्हेट प्रॉपर्टी सिरियलाइझ करताना नुसतं नाव लिहीत नाही, आधी एक शून्य बाइट, मग क्लासचं नाव, परत शून्य बाइट आणि मग प्रॉपर्टीचं नाव, असं जोडनाव लिहिते. प्रोटेक्टेड असेल तर क्लासच्या नावाऐवजी चांदणी. __अनसिरियलाइझ() नसताना इंजिन स्वतः ही जोडनावं सोडवून योग्य प्रॉपर्टीत भरतं, पण एकदा का तुम्ही __अनसिरियलाइझ() लिहिली की इंजिन म्हणतं घ्या बाबा, तुमचं तुम्ही बघा, आणि जे डेटात आहे तो ॲरे तसाच्या तसा तुमच्या हातात देतं, जोडनावांसकट. म्हणजे माझ्या ॲरेत "वस्तू" नावाची की नव्हतीच, "शून्य बाइट कार्ट शून्य बाइट वस्तू" अशी होती. स्क्रीनवर प्रिंट केलं तर शून्य बाइट दिसतही नाहीत, त्यामुळे बघताना नुसतं "कार्टवस्तू" असं चिकटलेलं दिसायचं आणि मी पंधरा मिनिटं हा टायपो कोणी केला ते शोधत होतो.

तेव्हा तुमच्या पानावर हे वाक्य हवंच: जुना डेटा __सिरियलाइझ() शिवाय लिहिलेला असेल तर नवीन __अनसिरियलाइझ() ला जुन्या पद्धतीच्या कीज मिळतील, त्या दोन्ही हाताळा. बाहेरून फॉरमॅट एकच असतो, दोन्हीची सुरुवात ऑब्जेक्टच्या ओ ने होते, त्यामुळे डेटाकडे बघून कळत नाही हो.

आता क्रम. माझं ठाम मत आहे की हे पान फंक्शनची सिग्नेचर, पॅरामीटर, रिटर्न व्हॅल्यू या नेहमीच्या साच्यात लिहायचंच नाही, घड्याळाच्या क्रमाने लिहायचं. आधी काय होतं, मग काय होतं, आणि काय होत नाही.

आधी इंजिन स्ट्रिंग डावीकडून वाचायला लागतं. ओ दिसला की पुढे क्लासचं नाव. तो क्लास लोड झालेला नसेल तर ऑटोलोडर, म्हणजे क्लासची फाइल शोधून आणणारा कोड, चालतो. त्यालाही सापडला नाही तर पीएचपीच्या सेटिंगमध्ये अनसिरियलाइझ कॉलबॅक फंक्शन दिलं असेल तर ते. तरीही नाही मिळाला तर, आणि हे नवीन लोकांना खरंच वाटत नाही, एरर येतच नाही. त्या जागी "इनकम्प्लीट क्लास" नावाच्या खास क्लासचा ऑब्जेक्ट येऊन बसतो, आत मूळ क्लासचं नाव आणि सगळा डेटा जपून ठेवलेला, पण त्यावर मेथड कॉल करायला गेलात की मग आपटता. एरर जिथे येतो तिथे चूक नसते, ती दोन फाइली मागे असते. क्लासचं नेमस्पेस बदललं आणि कॅशे साफ करायला विसरलात की हमखास हेच होतं.

क्लास सापडला तर कन्स्ट्रक्टरशिवाय रिकामा ऑब्जेक्ट उभा राहतो, डिफॉल्ट भरली जातात. मग क्लासमध्ये __अनसिरियलाइझ() आहे का ते बघितलं जातं. असेल तर प्रॉपर्टी भरायच्या भानगडीत इंजिन पडत नाही, ॲरे वाचून बाजूला ठेवतं. नसेल तर एकेक प्रॉपर्टी भरतं, टाइप जुळला नाही तर टाइप एरर फेकतं, आणि क्लासमध्ये नसलेली प्रॉपर्टी डेटात आली तर ती डायनॅमिक म्हणून चिकटते, ८.२ पासून त्यावर डेप्रिकेशनची, म्हणजे हे पुढे बंद होणार अशी, ताकीदही मिळते.

__वेकअप() आणि __अनसिरियलाइझ() लगेच चालत नाहीत. हे अगदी जाड अक्षरात. अख्खी स्ट्रिंग वाचून होईपर्यंत हे कॉल रांगेत उभे असतात आणि शेवटी एकापाठोपाठ होतात, आतला ऑब्जेक्ट ज्याचं वाचन आधी पूर्ण झालं त्याचा आधी, बाहेरच्याचा नंतर. ऑर्डरच्या आत ग्राहक असेल तर आधी ग्राहकाचा, मग ऑर्डरचा. छान वाटतं, ऑर्डरच्या मेथडमध्ये ग्राहक तयार मिळतो. पण ग्राहकाकडेही उलट ऑर्डरचा दुवा असेल तर? मग ग्राहकाची मेथड चालते तेव्हा ऑर्डर अर्धवट असते, आणि किती अर्धवट हे कुठली मेथड वापरली त्यावर ठरतं. ऑर्डरला फक्त __वेकअप() असेल तर तिच्या प्रॉपर्टी भरलेल्या असतात, फक्त वेकअप व्हायचं बाकी असतं. ऑर्डरला __अनसिरियलाइझ() असेल तर ती जवळपास पोकळ असते, डेटा अजून बाजूच्या ॲरेतच पडलाय. म्हणून या मेथडमध्ये दुसऱ्या ऑब्जेक्टला काही विचारू नका, फक्त आपलं आपलं भरा, असा नियमच घालून द्या टीमला.

दोन्ही मेथड लिहिल्या तर? फक्त __अनसिरियलाइझ() चालते, __वेकअप() कडे बघितलंही जात नाही. __सिरियलाइझ() आणि __अनसिरियलाइझ() ही जोडी ७.४ मध्ये आली, २०१९ च्या नोव्हेंबरात. त्याच्या आधी सिरियलायझेबल नावाचा इंटरफेस होता, त्याचा डेटा ओ ऐवजी सी ने सुरू होतो, त्यात स्ट्रिंगमध्ये स्ट्रिंग सिरियलाइझ करायचा प्रकार होता आणि दुवे गडबडायचे, ८.१ पासून नुसता तो इंटरफेस लिहिला की डेप्रिकेटेडचा मेसेज येतो. तुमच्या हँडबुकमध्ये नवीन कोडसाठी __सिरियलाइझ() आणि __अनसिरियलाइझ() ची जोडीच सांगा, बाकीचं "जुन्या कोडमध्ये दिसलं तर घाबरू नका" या सदरात. एनम, म्हणजे ठरावीक केसेसची यादी असलेले टाइप, ८.१ पासून आहेत, त्यांचं अक्षर ई, आणि ते परत येताना नवीन ऑब्जेक्ट होत नाही, तीच मूळ केस हातात येते, त्यामुळे तीन बरोबरच्या चिन्हांची तुलना चालते. क्लोजर, म्हणजे बिननावाचं फंक्शन, सिरियलाइझ होतच नाही, एक्सेप्शन येतं, पीडीओ या डेटाबेस कनेक्शनचंही तेच.

बिघडलं तर काय, हे बहुतेक लोक लिहीत नाहीत. रांगेतल्या एखाद्या मेथडमध्ये एक्सेप्शन पडलं की मागे उभ्या असलेल्यांचे कॉल होत नाहीत, आणि जो पडला त्याचा आणि मागच्यांचाही डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना चालणारी मेथड, चालत नाही. हे मुद्दाम तसं केलंय, अर्धवट ऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरने भलतीच फाइल बंद करू नये किंवा उडवू नये म्हणून. स्ट्रिंगच खराब असेल तर फंक्शन फॉल्स देतं आणि एक मेसेज, जो ८.३ च्या आधी नोटिस होता आणि ८.३ पासून वॉर्निंग आहे. आणि इथे जुना सापळा, सिरियलाइझ केलेली फॉल्स ही व्हॅल्यूसुद्धा परत आल्यावर फॉल्सच असणार, मग बिघडलं की बरोबर आलं? फरक करायचा तर मूळ स्ट्रिंगच तपासावी लागते.

आता स्ट्रिंग आतून कशी दिसते ते एकदा दाखवाच, इथे मराठी माणसाला जरा जास्तच फायदा आहे. पीएचपीत क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ठेवा असं म्हणत नाही, पण चालतं. समजा ग्राहक नावाचा क्लास, दोन पब्लिक प्रॉपर्टी, नाव आणि गाव. यूटीएफ-८ फाइल असेल तर निघतं ते असं:

ओ:१८:"ग्राहक":२:{एस:९:"नाव";एस:१२:"सुमन";एस:९:"गाव";एस:१२:"पुणे";}

ग्राहक दिसायला तीन अक्षरं, मग १८ कुठून आले? ग, हलन्त, र, काना, ह, क, असे सहा तुकडे, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइटचा. पुणे म्हणजे प, उकार, ण, मात्रा, चार त्रिक बारा. म्हणजे तो आकडा अक्षरांचा नाही, बाइटचा आहे. इंग्रजी उदाहरणं दिली की हा फरक कळतच नाही कारण तिथे दोन्ही सारखेच येतात, त्यामुळे तुमच्या पानावर उदाहरण मराठीच द्या. नाव ही प्रॉपर्टी प्रायव्हेट केली तर ९ चे २९ होतात, अठरा क्लासच्या नावाचे आणि दोन त्या न दिसणाऱ्या शून्य बाइटचे. मी त्या रात्री हा आकडा बघितला असता तर तो टायपो शोधत बसलो नसतो.

आता कुणीतरी डेटाबेसमध्ये जाऊन सरळ रिप्लेस मारतो, "पुणे" चं "सातारा". सातारा १८ बाइटचं, आकडा मात्र १२ च राहिला, झालं, इंजिन बारा बाइट मोजून पुढे अवतरणचिन्ह शोधतं आणि तिथे सापडतो रा, अख्खी स्ट्रिंग फॉल्स. वर्डप्रेसची साइट एका डोमेनवरून दुसऱ्यावर नेताना विजेट आणि थीमची सेटिंग उडतात ती बहुतेक वेळा यामुळेच, म्हणून तिथे डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन टूलचं सर्च-रिप्लेस वापरतात, ते आधी डेटा सोडवतं, बदलतं आणि परत बांधतं. तसंच मायएसक्यूएलच्या टेक्स्ट कॉलममध्ये ६५,५३५ बाइटच मावतात, स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर शेपूट कापलं जातं आणि फक्त वॉर्निंग येते, जी कोणी वाचत नाही. देवनागरीत तिप्पट बाइट लागत असल्याने आपण त्या मर्यादेला लवकर टेकतो. आणि पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये शून्य बाइट ठेवताच येत नाही, म्हणजे प्रायव्हेट प्रॉपर्टी असलेला ऑब्जेक्ट तिथे जाणारच नाही. बायनरी कॉलम वापरा, मायएसक्यूएलमध्ये ब्लॉब, पोस्टग्रेसमध्ये बाइटए. हे पानाच्या तळाशी टीप म्हणून नको, मध्यावर लिहा.

सुरक्षेबद्दल. बाहेरून आलेला डेटा अनसिरियलाइझ करायचा नाही, ही ओळ पानाच्या सगळ्यात वर, आणि कारणासकट. नुसतं "धोकादायक आहे" लिहिलं की लोक रस्त्यावरच्या "सावकाश चालवा" सारखं बघतात आणि पुढे जातात. कारण असं की कुठला क्लास उभा करायचा हे डेटा ठरवतो, तुम्ही नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये व्हेंडर फोल्डरमधून, म्हणजे बाहेरच्या लायब्ररींतून, आलेले शेकडो क्लास असतात, त्यातल्या एखाद्याच्या डिस्ट्रक्टरमध्ये "माझी तात्पुरती फाइल उडव" असं लिहिलेलं असतं, हल्लेखोर फक्त त्या ऑब्जेक्टची फाइलचं नाव ही प्रॉपर्टी आपल्याला हवी ती भरून पाठवतो. तुम्ही तो ऑब्जेक्ट वापरलाच नाही तरी स्क्रिप्ट संपताना डिस्ट्रक्टर चालणारच. अशा क्लासच्या साखळ्या कशा जोडायच्या हे सुरक्षा संशोधक स्टेफान एसरने २०१० साली ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत दाखवलं होतं.

काही जण म्हणतात आम्ही __वेकअप() मध्ये तपासणी ठेवलीय. तर २०१६ मध्ये सीव्हीई-२०१६-७१२४ हा पीएचपीतला नोंदवलेला सुरक्षा-दोष निघाला होता, डेटात प्रॉपर्टींची संख्या खऱ्यापेक्षा जास्त लिहिली, म्हणजे वरच्या उदाहरणात २ च्या जागी ३, की __वेकअप() टळायचं आणि डिस्ट्रक्टर मात्र चालायचा! ५.६.२५ आणि ७.०.१० मध्ये ते बुजवलं. ७.० पासून अलाउड क्लासेस हा ऑप्शन आहे, यादीत नसलेला क्लास इनकम्प्लीट होऊन येतो, तो जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर परका डेटा आत घेऊ नका, मॅन्युअलही हेच सांगतं. परक्यांशी बोलायला जेसन हा साधा डेटा फॉरमॅट आहे. स्वतःचाच डेटा ग्राहकाच्या ब्राउझरमधून फिरून येणार असेल तर एचमॅकची, म्हणजे गुप्त किल्लीने केलेली, सही लावा आणि सोडवायच्या आधी तपासा. फार नावाच्या, पीएचपीचा कोड एकत्र बांधून ठेवणाऱ्या, अर्काइव्हचा मेटाडेटा तर ८.० च्या आधी नुसतं फाइल आहे का विचारलं तरी आपोआप अनसिरियलाइझ व्हायचा, तुमच्याकडे जुना सर्व्हर असेल तर एवढी एक ओळ तीही टाका.

राहिला प्रश्न की हे सगळं खरं कशावरून. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. पीएचपीच्या सोर्समध्ये एक्स्टेन्शन, स्टँडर्ड, टेस्ट्स, सिरियलाइझ या फोल्डरात छोट्या छोट्या टेस्ट फाइली आहेत, वर कोड आणि खाली अपेक्षित आउटपुट, मॅन्युअलपेक्षा त्या जास्त स्पष्ट बोलतात. पानावरचं प्रत्येक विधान दहा ओळींच्या स्क्रिप्टने तपासा, कन्स्ट्रक्टर, __अनसिरियलाइझ(), __वेकअप() आणि डिस्ट्रक्टर चारही ठिकाणी नुसतं एको टाका आणि कुठल्या क्रमाने छापलं जातं ते बघा, ३व्ही४एल या साइटवर तीच स्क्रिप्ट एकदम बऱ्याच व्हर्जनवर चालते, फरक समोर दिसतो. आणि ज्या व्हर्जनवर तपासलं तो आकडा विधानाच्या शेजारीच लिहा, वर कुठेतरी "पीएचपी ८ साठी" असं मोघम नको.

आणखी एक, जुना डेटा जपून ठेवा. आम्ही आता प्रत्येक रिलीजला कार्ट, ग्राहक, ऑर्डर यांची सिरियलाइझ केलेली स्ट्रिंग एका फाइलमध्ये रेपोत टाकतो, बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, कारण शून्य बाइट एडिटरमध्ये कॉपी-पेस्ट करताना गळतात, आणि नवीन कोड त्या सगळ्या जुन्या फाइली उघडू शकतो का हे टेस्टमध्ये बघतो. पहिली फाइल त्या चलनवाल्या रात्रीच्या रेडिसमधली आहे, त्यात कुणीतरी दोन प्रेशर कुकर टाकून ठेवले होते, टेस्ट पास व्हायला ते दोन्ही कार्टमध्ये दिसावे लागतात.